मासा म्हणजे साबण

मुखरू निकुरे बाजाराच्या दिवशी दुकानात यायचा.
आधी तंबाखूची डबी काढायचा,
मग चष्म्याचं रिकामं खोकं,
आणि खोक्यातून चार घड्यांचा कागद.
बाबांना द्यायचा नाही. मला द्यायचा.
“पोरी, तू पाह्य. तुले समजते.”

समजायचं.
मासा म्हणजे धुण्याचा साबण, वडीवर मासा असतो म्हणून.
घोडा म्हणजे काडीपेटी.
एक थेंब जवसाचं तेल, दोन थेंब फल्लीचं.
अर्धा चंद्र म्हणजे अर्धा किलो,
मग ती साखर असो की लाखोळीची डाळ.
मिठासाठी तिने कधी काही काढलं नाही,
खालच्या कोपऱ्यात नुसती कोरी चौकट.
कपातून वाफ निघत असली तर चायपत्तीचा मोठा पुडा,
नसली तर छोटा.
एकदा वाफ होती, आणि वाफेवर आडवी काट.
बाबा म्हणाले, मोठा घ्यायचा विचार होता,
मग डबा उघडून पैसे मोजले.

पुड्यात कूपन निघायचं. मोठ्यात दोन, छोट्यात एक.
चाळीस झाले की कंपनीचा स्टीलचा गंज,
झाकणासकट, तीन लिटरचा.
आमच्याकडे नमुन्याचा एक टांगलेला होता,
मुखरू त्याच्याखाली उभा राहून
सामान बांधून होईपर्यंत वर पाहायचा.

उरकुडा सोनुले पोत्यावर बसलेला असायचा, कायमचाच.
“हात साजरा आहे बाईचा,” म्हणायचा,
“शाळेत गेली असती तं मास्तरीण झाली असती.”
आणि मुखरूही हसायचा सगळ्यांसोबत,
“का करता बापा, नाही गेली ना.”

पोळ्याच्या आधल्या बाजाराला ती स्वतः आली.
दहा-दहाच्या चार गड्ड्या, पांढऱ्या दोऱ्याने बांधलेल्या.
बाबांनी दोनदा मोजल्या, फॉर्म काढला,
आणि न विचारता शाईचं पॅड उघडून पुढे सरकवलं.

तिने पॅडकडे पाहिलं.
मग मुखरूकडे.
मुखरू मुरमुऱ्याच्या पोत्यावरचा शिक्का
फार लक्ष देऊन पाहत होता.
तिने माझ्या हातातला पेन घेतला.

सौ. बेबीनंदा मुखरू निकुरे.
मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा.
शिरोरेघ अशी, की तिच्यावर कपडे वाळत घालावेत.
एक अनुस्वार राहिला होता, परत जाऊन तो दिला.
खाली सही, वेगळ्या वळणाची,
कधीतरी सराव केलेली.

उरकुड्याचा जबडा थांबला.
बाबांनी पॅड मिटलं, त्याचा टक् असा आवाज
अख्ख्या दुकानाला ऐकू गेला.
“सांबार घ्याचा राह्यला,” ती म्हणाली,
आणि भाजीच्या ओळीकडे निघून गेली.

मला तेरावं लागलं होतं तेव्हा.
रात्री गल्ला मोजताना मी विचारलं,
मग ती मासे का काढते?
बाबांनी चिल्लर परत पहिल्यापासून मोजली.
“तू जोरात वाचत नको जाऊ तिची यादी,” एवढंच म्हणाले.

गंज यायला दिवाळी उलटली.
बुडाला पोचा होता. पुढच्या यादीत
तोच गंज, पोच्यासकट, दोन्ही बाजूंनी काढलेला.
बाबांनी मुकाट्याने नमुन्याचा काढून दिला.

आणि नंतर केव्हातरी, थंडीत,
कागद उघडला: मासा, घोडा, दोन थेंब,
कप, वाफ चांगली लांब.
खालच्या चौकटीत मात्र दोन अक्षरं.
मी तोंड उघडण्याआधी मुखरूचं बोट तिथे पोचलं.
तंबाखूचं, पिवळ्या नखाचं बोट.
“मी-ठ,” तो म्हणाला. हळू, मधे दम घेऊन.

ती चौकट कायमच मिठाची असायची.
त्याने वाचलं की नुसतं ओळखलं,
मला आजही सांगता येणार नाही.
मी तराजूत किलोभर खडेमीठ घातलं,
आणि वरून थोडं.