चांगली बाजू

आधी झेंडे येतात.
पिवळा गॅसचा, तांबडा विजेचा, निळा पाण्याचा,
नारिंगी कसल्याशा तारांचा.
कुणा बुटक्या सैन्यानं रात्रीतून
मागच्या अंगणात तळ ठोकावा तसे.
खणण्याआधी विचारावं लागतं, कायदाच आहे.
जमिनीखाली दोन्ही घरं
अजून एकाच पेटीला बांधलेली.

मग सूत.
रूडी एका टोकाला, मी दुसऱ्या,
मोजणीवाल्याच्या लोखंडी खुंटीपासून
मेपलच्या मुळापर्यंत गुलाबी दोरा.
सूत जुळणं वेगळं, ताणणं वेगळं.
मला फक्त ताणता येतं.

नोरीन हाल्व्हर्सन पायरीवर उभी,
कॉफीचा मग दोन्ही हातांत धरून.
सहा फूट, म्हणाली. फटी नकोत.
फाटक?
नको.

मँकेटोच्या आसपास अकरा वर्षं खड्डे खणतोय,
लोक कुंपण का घालतात हे विचारत नाही.
कुणी कुत्र्याचं नाव सांगतं, कुणी हरणांचं,
न सांगणारे पैसे वेळेवर देतात.

पण नवव्या खड्ड्याची खूण
नेमकी वाटेवर आली.
हिच्या पायरीपासून पलीकडच्या गॅरेजपर्यंत
गवताला पडलेलं एक लांबट टक्कल.
दोन घरांची पोरं धावायची, रूडी म्हणाला,
त्यानं पूर्वी इथलं छप्पर घातलेलं.
पोरं आता डेन्व्हरला का कुठे, तिशी ओलांडलेली.
तरी गवत आलं नव्हतं.
म्हणजे मोठी माणसंच चालत असणार,
अगदी परवापरवापर्यंत.

यंत्र तिथेच अडलं. दोनदा.
माती इतकी दाबलेली की पहार घ्यावी लागली.
साडेतीन फूट खाली जावंच लागतं आमच्याकडे,
हिवाळ्यात जमीन फुगते
आणि उथळ खांब वर ढकलून देते
हलणाऱ्या दातासारखा.
खडी, खांब, सिमेंटची दोन पोती,
पाणपट्टीतला बुडबुडा मधे येईस्तोवर
मी खांबाला मिठी मारून उभा.

दुपारी डेल्बर्ट क्विस्ट आला.
गुडघ्याएवढ्या उंचीचं ते सूत,
पोरसुद्धा ओलांडेल,
तो अलीकडे आला नाही.
टोपी काढली, परत घातली.
चांगली बाजू कुणाकडे?
तुमच्याकडे, मी म्हटलं. इथला नियमच तसा,
गुळगुळीत तोंड शेजाऱ्याला,
आडव्या पट्ट्या, खांब, खिळ्यांची टोकं
पैसे भरणाऱ्याला.
तो मेपलकडे बघत राहिला.
तिला सांगा, अर्धे पैसे मी देतो.

तीस पावलं. निरोप्या मी.
त्याला सांगा, ती म्हणाली,
चांगली बाजू फुकट आहे.
परत तीस पावलं.
हे मी त्याला सांगितलं नाही.
म्हटलं, बघते म्हणाली.

तिसऱ्या दिवशी फळ्या.
देवदारासारखा वास, नाकात, भाकरीतसुद्धा,
शर्ट धुतला तरी जात नाही.
शेवटून चौथ्या फळीवर खिळा मारला
आणि फळीची गाठ पडली.
पलीकडे, गवतात, टप् वाजून.
छातीच्या उंचीवर अक्रोडाएवढं भोक,
आणि भोकात थोडंसं पिवळं ऊन.

रूडी दुसरी फळी आणायला वळला.
राहू दे, ती म्हणाली.
तुम्हीच म्हणालात फटी नकोत.
ही काय फट आहे?
रूडीनं माझ्याकडे बघितलं,
मी खिळे मोजायला लागलो.

पलीकडे कुणी तरी वाकलं.
गुडघा वाजला, म्हातारा गुडघा,
आणि मग पावलं, सावकाश,
टकलावरून गॅरेजकडे.

आम्ही सामान भरलं. बिल पायरीवर, मगाखाली.
जाताना झेंडे उपटले,
मोजून सतरा.
ट्रकमध्ये भरले सोळा.
नारिंगी एक कुंपणाखालून
तिकडे वाकला होता, माझा हात पोचेना.
फाटक नव्हतं.