चौदा तारखेची पट्टी

रबाळ्याच्या गाळ्यात पंख आडवा पडलाय,
एकच, डावा.
उजवा अजून भिंतीला टेकलेल्या पत्र्यांत आहे,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
शेजारच्या गाळ्यात लोणच्याच्या बरण्यांना झाकणं बसतात
दिवसभर, खट्, खट्,
आणि हिराजीमामा म्हणतो, त्यांचं बरं आहे,
झाकण उघडण्यासाठीच असतं.

बस बांधायच्या कारखान्यात एकतीस वर्षं
त्याने रिव्हेट ठोकले.
अजून बोलताना मध्येच थांबतो,
पलीकडून कुणी ठोकून उत्तर देईल म्हणून.
आता म्हणतो, भोक पाडलं की पत्रा
तिथूनच फाटायला शिकतो.
म्हणून चिकटवायचं.
दोन डबे, एक पिवळट, एक राखाडी,
सोनाराच्या जुन्या काट्यावर, शंभराला चाळीस.
मग हातात चाळीस मिनिटं. त्यानंतर मिश्रण
वाटीतच तापतं, दाटतं, कुणाचं ऐकत नाही.

त्याआधी पत्रा घासायचा, ॲसिटोनने पुसायचा,
दर वेळी नवी चिंधी, एकाच दिशेने.
मग पाणी सोडून बघायचं.
थेंब थेंब उभे राहिले तर कुठेतरी तेल आहे.
पसरलं, सारखं, पातळ,
पत्र्याने ते अंगावर घेतलं,
तर सुकवायचं आणि लगेच लावायचं,
कारण ॲल्युमिनियम फार वेळ उघडं राहत नाही,
हवेतून आपलं पांघरूण ओढून घेतं.
"आता हात लावायचा नाय गो."
खाडीवरून दमट वारा आला की शटर खाली.
ओलाव्याचा काटा सत्तरच्या पुढे गेला
की त्या दिवशी फक्त चहा.

मामाचं शास्त्र एवढंच:
सरकवायला बघ, धरून राहील, बस टांग हवी तर.
सोललंस की सुटेल.
एका कोपऱ्यात नख शिरलं, की पुढचं सगळं
मांदेलीच्या काट्यासारखं, एका ओढीत.
म्हणून प्रत्येक टोकाला दोन रिव्हेट, तेवढेच.
त्यांना तो भित्रे म्हणतो.

प्रत्येक वाटीतून एक पट्टी वेगळी चिकटवायची,
तारीख टाकून खिळ्याला टांगायची,
आठवड्याने पक्कड घेऊन सोलायची.
दोन्ही बाजूंना फाटलेला गोंद दिसला तर उत्तम:
गोंद तुटला, पण पत्र्याने सोडलं नाही.

चौदा तारखेची पट्टी आवाज न करता उघडली.
एका बाजूला सगळा गोंद, दुसऱ्या बाजूला
नुसता चकचकीत पत्रा,
आणि गोंदाच्या तोंडावर
अंगठा.
रेषा न् रेषा, मध्ये भोवरा,
कडेला विळीवर कापल्याची चीर.
माझी.

मामा चष्मा कपाळावर सारून बघत राहिला.
म्हणाला, तुझ्या आज्याने असाच दिला होता,
शाईचा, सरकारी कागदावर, भातखाचर गेलं तेव्हा.
"तो मात्र सुटला नाय."
हसला की नाही, कळलं नाही.

पट्टीवर होता, पंखावर नसेलही.
तरी त्या वाटीचे तिन्ही सांधे उघडले.
हीटगन, पातळ पातं, दोन रविवार.
मधला सुटेचना. पत्रा वाकला, चुरगळला,
गोंद जागचा हलला नाही.
मी म्हटलं, हा चांगला होता, ठेवायला हवा होता.
तो म्हणाला, चांगला होता ते
फोडल्यावर कळलं ना.

आज पुन्हा वाटी. काटा बासष्टवर.
मी हातमोज्यांत, समोर नव्या चिंध्यांची चळत.
पाणी सोडते. ते पसरतं, पसरतं,
आणि एका ठिकाणी, बोटाएवढ्याच, मागे सरतं.
मामा बघतोय का? तो शटरपाशी,
पाठमोरा, वारा हुंगतोय.
"पुन्हा घासते," मी म्हणते.
शेजारी एका बरणीला झाकण बसतं.