डावी कळी

विट्याहून आमच्या गावाला शेवटची एसटी सातची.
तिच्यातून उतरले कुंभकोणमचे काकासाहेब,
गलाईवाले. मनगटावर घड्याळ, शर्टाला अत्तर,
बोटं मात्र तेजाबानं पिवळी.
म्हणाले, एक पोरगं द्या. भट्टीवर बसेल, जेवूनखाऊन राहील.

एक. घरात आम्ही दोघं.
सर्जेराव सतराचा, मी पंधराचा.
आबांनी आम्हाला विचारलं नाही.
नाथाला विचारू, म्हणाले.

गुरवानं दोन कळ्या भिजवल्या.
उजवी सर्जेरावाची, डावी माझी.
दगडी खांद्यांवर चिकटवल्या
आणि सगळे हात जोडून, डोळे मिटून बसले.
मी मिटले नाहीत.
मला आगगाडी बघायची होती.
समुद्र बघायचा होता
(कुंभकोणमला समुद्र नाही, हे तिथं गेल्यावर कळलं).
दुधावरची साय सारावी तशी
हळूच फुंकर घातली.

डावी कळी पडली.
देवाची मर्जी, आबा म्हणाले.
आईनं चार दिवसांच्या भाकरी बांधल्या.

मग सेहेचाळीस वर्षं
मूस, कोळसा, पिवळा धूर.
सोनारांच्या दुकानातली झाडलोट पोत्यानं विकत घ्यायची,
जाळायची, धुवायची, गाळायची.
तेजाबातून निघालेलं शुद्ध सोनं आधी चिखलासारखं दिसतं,
नवख्याला वाटतं, फेकून द्यावं.
मी एकदा फेकलंही. काकासाहेबांनी कानशिलात ठेवून दिली.
आई गेली तेव्हा तार तिसऱ्या दिवशी पोचली.
पोरं तमिळमध्ये भांडतात,
मराठीत फक्त पाया पडतात.
एक फुफ्फुस धुरातच राहिलं.
एवढ्या लांब कसे आलात, कुणी विचारलं
की मी सांगायचो, नाथानं धाडलं.
चांगलं झालं ते माझ्या हुशारीनं,
वाईट झालं ते त्या कळीनं.

मागल्या उन्हाळ्यात येरळेच्या कोरड्या पात्रात बसलो होतो दोघं.
दादा, म्हटलं, ती कळी मी पाडली.
त्यानं तंबाखू मळली. बोटाचा चुना धोतराला पुसला.
"ठावं हाय. म्या बघत हुतो."
मग बोलला का नाहीस?
"मला जायचं नव्हतं."

पलीकडं ट्रॅक्टर वाळू भरत होता.
बऱ्याच वेळानं तोच म्हणाला,
"दार बी उघडंच हुतं त्या दिवशी. वारं सुटलं हुतं.
तुझी फुंकर का वारं, कोण सांगणार?"
आणि उठता उठता, जणू बैलाबद्दल बोलावं तसं,
"गुरवानं डावी कळी भिजवलीच नव्हती नीट.
थोरला घरी ऱ्हावा म्हणून
आईनं त्याला पायलीभर जोंधळं दिलं हुतं."

हे मला माहीत नव्हतं.

त्या रात्री हिशेबाला बसलो.
यात माझं किती, दादाचं किती,
वाऱ्याचं किती, आईचं किती.
आयुष्यभर हेच काम केलं मी,
एकातून दुसरं वेगळं करायचं.
या डागाला तेजाब लागेना.
पहाटे कंदील विझवला. आईवर राग धरून बघितला,
धरवला नाही. चार दिवसांच्या भाकरी तिनं
आठ दिवस पुरतील एवढ्या बांधल्या होत्या.

आज पुन्हा देवळात.
सर्जेरावाची नात अस्मिता, नर्स, जर्मनीला जायचं म्हणते.
तिच्या बापाला कौल हवा.
ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली,
"व्हिसा आलाय, आजोबा. तिकीटही काढलंय.
हे नुसतं पप्पांसाठी."

गुरवाची सून कळ्या भिजवते.
सगळे डोळे मिटतात. ती नाही. मी नाही.
दार उघडं आहे.
तिच्या ओठांकडं मी बघत नाही,
दादाकडंही नाही.
माझ्याकडून काही नको
म्हणून श्वास रोखून धरतो,
पण एका फुफ्फुसाचा माणूस किती वेळ धरणार?
खोकला येतो.
तो थांबेपर्यंत
एक कळी खाली आलेली असते.