लादी

ससून डॉकला पहाटे तीनला बर्फ फुटतो.
त्याआधी तो घसरतो.
दीडशे किलोची लादी, खाली ओलं सिमेंट,
मागे माझा आजा, जोमा वैती.
आकडा खांद्यावरच. नुसत्या गुडघ्याच्या एका धक्क्यानं
लादी पंचवीस पावलं जायची
आणि ट्रकच्या फळीला न शिवता थांबायची.
पगारपत्रकात याला हमाली म्हणत.

बाबांनी कर्लिंग पहिल्यांदा पाहिलं
कुलाब्याच्या दुकानात, विकायला लावलेल्या टीव्हीवर,
आवाज बंद, काचेच्या बाहेरून.
गोठलेली लांब पट्टी. एक जण दगड सोडतो,
दोघं त्याच्यापुढे जीव खाऊन झाडू मारतात.
घरी येऊन म्हणाले,
"येसू, आपलं काम कुणी तरी खेळतंय गो."

त्याच रात्री येसूआत्याच्या जात्याची वरची तळी गेली.
खुंटा ठेवला, धरायला बरा.
निनादनं घमेल्यात काँक्रीट ओतून आणखी तीन दगड केले,
सायकलच्या मुठी लावून.
कारखान्याच्या मागची फरशी आम्ही गोठवली, मालकाला न सांगता,
वीजबिल आलं तेव्हा सांगून.
आत्या महिनाभर बोलली नाही कुणाशी.
मग एका रात्री कास्टा आवळून आली, खाली बसली,
आणि पहिल्याच फेकीत
घमेल्याचे तिन्ही दगड भिंतीला लावले.
"जातं माझं हाय," एवढंच म्हणाली.

लोक विचारतात, मुंबईत? बर्फावर?
मी विचारते, तुमचं पापलेट
घरी येईपर्यंत कशावर झोपतं?

आता कुर्ल्याच्या मॉलमधला रिंक,
वाढदिवसाची पोरं गेली की रात्री अकरानंतर, तासाच्या भाड्यावर.
आधी आत्या सडा घालते.
हो, सडाच. पाठीवर टाकी, हातात झारी,
मागे मागे सरकत थेंब शिंपडायचे,
ते गोठून दाणे उठतात, दगड त्या दाण्यांवरून जातो.
दारात सडा घालणारीच्या मनगटात हे आधीच असतं.
झाडू मात्र परदेशी. आत्या त्याला पाय लागू देत नाही.

निवडीचा सामना. शेवटचा दगड आत्याचा.
पलीकडच्या टोकाला बाबा, वर्तुळाच्या मधोमध,
अलीकडे आम्ही दोघं वाकलेले.
दगड सुटला. बाबा ओरडले, "झाड!"
निनाद झाडत होता. मीही. मग मला दिसलं,
दगड वळायला लागलाय, हळूच,
झोपेत कूस बदलावी तसा,
आणि झाडलं तर तो सरळ निघून जाईल.

"झाड गो! झाड!"

मी झाडू वर उचलला. निनादचा हात धरला.
तेवीस वर्षांत मी या माणसाचं
काही ऐकलं नाही असं झालं नव्हतं.
दगड वळला. छान वळला.
आणि टीचभर आधी थांबला.

परतताना टॅक्सीत चौघं,
झाडू खिडकीबाहेर काढलेले.
आत्यानं कुणाला न विचारता खारे शेंगदाणे वाटले.

पहाटे मी बाबांबरोबर कारखान्यात गेले.
बोलावलं नव्हतं. खराटा घेऊन
लादीच्या वाटेतलं पाणी सारत राहिले.
त्यांनी तिसरी लादी सोडली तेव्हा विचारलं,
"काय दिसलं तुला?"
"वळत होता."
लादी फळीपाशी जाऊन थांबली. फट दोन बोटांची.
ते तिच्याकडे बघत म्हणाले, "वळत व्हता खरा,
पन..."

तेवढ्यात कुणी तरी बर्फ फोडायचं यंत्र चालू केलं.
त्यांचे ओठ बराच वेळ हलत होते.
मी मान डोलावत राहिले.