निळं आणि पांढरं

मार्दिनच्या उतारावर, साबणवाल्यांच्या गल्लीच्या वरच्या अंगाला
शमून उस्तादांचा स्टुडिओ होता. मी तिथला रिटचर.
एक टोकदार पेन्सिल, एक ब्लेड, तीन केसांचा ब्रश.
देवीचे वण बुजवायचे,
तिरळा डोळा जरा वळणावर आणायचा,
नवरदेवाची मिशी थोडी दाट.
लोक स्वतःसारखं दिसायला येत नसत,
कागदावर खपून जाईल असं दिसायला येत.

त्या हिवाळ्यात घाट बर्फाने बंद. फिल्म आली नाही.
उस्तादांनी फळीवरून जुन्या काचांची पेटी काढली,
त्यांच्या लग्नाच्या वर्षी घेतलेली, कडांना धुरकटलेली.
म्हणाले, जपून.
या काचांना निळं आणि पांढरं एकच.
आभाळ कोरं येतं. लाल मात्र सगळं काळं.

आणि नेमकी त्याच आठवड्यात आली हिदायत हातून,
खालच्या मैदानातल्या गावाहून, खेचरावर.
मुलगा श्टुटगार्टला, मोटारीच्या कारखान्यात.
त्याला आईचा फोटो हवा होता, भिंतीवर लावायला.
हनुवटीवर गोंदलेला सूर्य, ओठाखाली रेघ,
भुवयांमध्ये तीन ठिपके.
दिव्याची काजळी आणि मुलगी झालेल्या बाईचं दूध:
त्या गावच्या सगळ्याच म्हाताऱ्यांच्या तोंडावर हेच,
त्यामुळे कुणी कुणाला विचारत नाही
तू कुठली.

हलू नका, उस्ताद म्हणाले.
ती हललीच नाही.
इतकं न हलणं शिकवावं लागतं कुणीतरी, लहानपणी,
हे माझ्या मनात नंतर आलं.

काच धुतली, कागद उमटला, आणि मी घाबरलो.
सुरकुत्या होत्या, उलट जास्तच खोल.
ओठ जांभळासारखे काळे.
पण सूर्य नव्हता, रेघ नव्हती. हनुवटी उघडी.
मी ब्रश ओला केला. म्हटलं, हातून, चूक आमच्या काचेची,
आत्ता काढून देतो, जसंच्या तसं.

तिने फोटो घेतला. खिडकीशी नेला.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, माझी आई
एवढी म्हातारी झाली असती
तर हीच झाली असती.

आणि माझ्याकडे पाठ करून एक नाव घेतलं.
आमच्या बोलीतलं नव्हतं, अरबी नव्हतं, तिच्या कार्डावर नव्हतं.
डार्करूमचं दार उघडं होतं, आतला लाल दिवा जळत होता.
त्या उजेडात काचा खराब होत नाहीत.
नाव मी इथेही लिहीत नाही.

दोन प्रती कर, म्हणाली.
एक अशीच. ती मी नेते.
दुसरीवर काढ. मुलगा मला त्याशिवाय ओळखणार नाही.
मग समोर बसून सांगत गेली:
सूर्याला किरणं सात, आठ नाही. रेघ डावीकडे जराशी तुटलेली,
तेव्हा मी मान झटकली होती.
माझा हात तिथे थांबला.
मग मीही रेघ तुटकी काढली.
पैसे तिने दोन्हीचे दिले, अंडी मोजावीत तसे,
आणि आपली प्रत पिठाच्या पिशवीत, पिठाच्या खाली ठेवली.

परवा तिची नात आली होती जर्मनीहून.
वडिलांच्या भिंतीवरचा फोटो मोबाईलमध्ये दाखवला.
मूळ काच आहे का?
होती. पाकिटातून काढून उन्हाकडे धरली.
उलट्या काचेत चेहरा काळा, ओठ पांढरे, हनुवटी सपाट.
ठिपके कुठे गेले? तिने विचारलं.
मी म्हटलं, या जुन्या काचांना
निळ्या-पांढऱ्यातला फरक कळत नसे.
खोटं नव्हतं.

ती मान हलवून निघाली.
पायऱ्यांवर थांबली, परत वळली,
आणि अंगठ्याने स्वतःची हनुवटी चोळत म्हणाली,
मग ठिपके काढले कुणी?