रंगाऱ्याची लेक

जन्मली तेव्हा गाल कोरा होता.
तिसऱ्या आठवड्यात डाव्या डोळ्याखाली
डास चावावा तेवढा ठिपका.
महिन्याभरात तुतीएवढा झाला,
तसाच लाल, तसाच दाणेदार,
आणि पापणीला खाली ओढू लागला.

शेजारची सुभद्राकाकू म्हणे,
ग्रहणात पोरीच्या मायनं काही चिरलं असंल.
दीपाली म्हणाली, हो, पालक चिरला होता.
ग्रहण कधी होतं तेही तिला आठवत नव्हतं,
तरी म्हणाली, हो.
पुढं दोन महिने आमच्या घरी भाजी मी चिरली.

माझा धंदा सूत रंगवायचा,
गोळीबार चौकाच्या मागं, बापाच्याच हौदावर.
रंग कच्चा की पक्का, लोक मला विचारतात.
ओला पांढरा कपडा घासायचा,
डाग उतरला तर कच्चा.
सांगायची लाज वाटते,
पण एका रात्री दोघी झोपल्यावर
मी रुमालाचं टोक भिजवलं
आणि तिच्या गालावरून हळूच फिरवलं.
टोक पांढरंच राहिलं.
मग हौदापाशी जाऊन बसलो, उजाडेपर्यंत.

मेडिकलच्या ओपीडीत
डॉक्टर खानोरकर बाईंनी
काचेची पट्टी त्या तुतीवर दाबली.
लाल फिका पडला.
पट्टी उचलली, परत आला.
"हा रंग नाही, भाऊ. रक्त आहे.
बारीक नळ्या, गरजेहून जास्त वाढलेल्या.
कोणी काही चिरल्यानं हे होत नाही."
शेवटचं वाक्य त्या दीपालीकडे पाहून बोलल्या.
दोनदा बोलल्या.

औषध हृदयाच्या ठोक्यांचं निघालं.
ते गालावर कसं चालतं, मला कळलं नाही.
अटी तेवढ्या कळल्या:
पोट भरल्यावरच, उपाशी थेंबही नाही.
उलटी झाली, दूध सोडलं, तर थांबवा, फोन करा.
अंग गार पडलं, पोर उठेना, तर थेट इथं.
दीपालीनं सगळं कॅलेंडरवर लिहिलं,
दुधवाल्याच्या हिशोबाखाली.

बाकावर शेजारी मोमिनपुऱ्याचे रियाजुद्दीनचाचा,
मांडीवर नातू अरहान, दोन वर्षांचा.
कपाळापासून ओठापर्यंत अर्धा चेहरा,
सपाट, जांभळट.
आमच्या धंद्यात त्या छटेला कोकम म्हणतात.
चाचांचे चार पॉवरलूम, दोन बंद.
सुताच्या भावावरून बोलणं जुळलं.
मग बाईंनी त्यांना बोलावलं,
आणि दार उघडंच असल्यामुळं मला ऐकू आलं:
हा आपोआप जायचा नाही.
पोरासोबत वाढेल, पुढं जाडही होईल.
लेझर, एकदा नाही, खूपदा.
फिका होईल. पुसला जाईलच, असं मी म्हणणार नाही.
आणि डोळ्याचा दाब तपासत राहा.

"म्हणजे पक्का," माझ्या तोंडून निघून गेलं.
चाचांनी ऐकलं.
"पक्का तं पक्का," म्हणाले, "सूत मजबूत आहे ना?"
अरहाननं तेवढ्यात पूर्वाचा पाय धरला होता,
सोडायला तयार नव्हता.

त्याला आता चार वर्षं झाली.
तुती आधी मधोमध राखाडी झाली,
मग बसत गेली.
आता तिथं कातडी जराशी सैल आहे,
खूपदा धुतलेल्या सुती कापडासारखी,
आणि ती फक्त मला दिसते.
वर्षातून एकदा डोळा दाखवायला जातो.
यंदा नवतप्यात गेलो.
बाहेर डांबर चपलेला चिकटून राहिलं होतं,
आत कूलरपुढं चाचा, आणि अरहान,
लेझरची सातवी खेप.
चेहरा कोकमवरून गुलाबावर आला आहे,
हनुवटीपाशी हटला नाही.

"दुखतं का रे?" मी विचारलं.
त्यानं खिशातून रबर काढलं,
माझ्या मनगटात चढवलं,
ताणलं, आणि सोडलं.
"असं. शंभर वेळा. काळा चष्मा लावून."
माझ्या डोळ्यांत पाणी आलं
ते रबरानं, असं मी म्हणालो.

पूर्वानं हात पुढं केला. "मला पण."
अरहाननं आजोबांकडे पाहिलं,
मग रबर तिच्या मनगटात घातलं
आणि न ताणता
तसंच राहू दिलं.