ठणक्याला अरबीत काय म्हणतात

सलोमी, वही काढ.
फोन डब्याला टेकवून ठेव, म्हणजे मला तुझं अक्षर दिसेल.
सोहारमध्ये अकरा वाजलेत,
मिरजेत तुमच्या साडेबारा.
झोप आली तरी दहा शब्द होतील.

नाडी. पल्स लिही, शेजारी नब्द लिही,
सिनेमातल्या हकिमाची नब्जच ती,
फक्त शेवटी जीभ जरा जड.
साखरेला सुक्कर. मधुमेहालाही सुक्करच.
हे दोन तुला फुकटात मिळाले, जपून ठेव,
पुढे कुणी फुकट काही देत नाही.

खलास वेगळ्या पानावर.
पहिल्याच आठवड्यात चौदा नंबरच्या
उम्म सालिमनी, मी सलाईनची सुई काढताच,
डोळे मिटले आणि म्हणाल्या, खलास.
मी ट्रे टाकून धावले.
आपल्या गल्लीत खलास म्हणजे
तोंडावरून ओढलेली चादर.
डॉक्टर पळत आले, तर बाईंनी एक डोळा उघडून
त्यांच्याकडे कहवा मागितला.
इथं खलास म्हणजे झालं.
झाली ती सुई. माणूस नव्हे.
मेट्रन हसली नाही. घडलेलं सगळं
वेळ घालून, सही करून लिहून घेतलं माझ्याकडून.

कुठं दुखतं? वेन यअव्रक.
हा क बाप्याला. बाईला विचारताना शेवटी श.
घोटाळा केलास तर म्हातारे रागावत नाहीत,
हसतात, आणि हसताना टाके दुखतात.

दुखण्याला फॉर्मवर आकडे आहेत, शून्य ते दहा.
खाली चार चौकटी:
तीक्ष्ण, बोथट, जळजळतं, ठोके पडल्यासारखं.
चारही इंग्रजीत पाठ कर.

मागच्या मंगळवारी याकूब सरखोत आले.
दाभोळकडचे. बेचाळीस वर्षं इथल्या बंदरात
लाँचींची इंजिनं उघडली त्यांनी,
नखांतलं काळं साबणानं निघेना.
डॉक्टर तय्यिब सुदानचे, घाईत होते:
सिस्टर एस्तेर, नंबर?
मी चाचांना विचारलं, दहापैकी किती?
"बाय, आकडा कसा सांगू.
कळ नाय ही, कळ येते नि जाते.
ठणका पण नाय, तो दाढेचा.
आत कोणीतरी दोर आवळतोय,
आवळतोय, आवळतोय,
नि गाठ मारायला विसरतोय."

मी चौकटींकडे बघत राहिले.
सात, म्हणाले.
सात कुठून आणला ते देवाला ठाऊक.
मग मार्जिनमध्ये, आपल्या अक्षरात, बारीक,
दोर असं लिहिलं.
लिसीनं पाळी बदलताना विचारलं,
ही नक्षी कसली?
तिला मी इंग्रजीत समजावलं, तिनं डॉक्टरांना,
डॉक्टरांनी पुन्हा पोटावर हात ठेवला
आणि या वेळी घाई केली नाही.

रात्री पोट उघडलं.
आतड्याला पीळ पडलेला.
पीळ, सलोमी.
दोराचाच शब्द.

बरे आहेत आता. काल पेज मागितली.
आहाराच्या तक्त्यात पेज नाही,
मऊ आहार आहे: जेली, दही, बिनमिठाचं सूप.
तांदूळ मी होस्टेलवर शिजवला, डॉक्टरांना विचारून.
लोणच्याच्या बरणीपर्यंत हात गेला होता.
मागे घेतला.
हे लिहू नकोस.

लिही हे: उजव्या पानावर परीक्षेचे शब्द,
स्पेलिंगसकट, शाईनं.
डावं पान मोकळं सोड.
सणक, ठुसठुस, रग, कणकण,
मुंग्या, पोटात कालवणं,
तुझी आई पावसाळ्यात गुडघ्याला जे म्हणते ते,
सुचेल तसं, पेन्सिलीनं.
त्याला मार्क नाहीत.
बारा तासांच्या पाळीत मला तर
कुणी विचारलंही नाही त्यातलं काही,
मंगळवार सोडून.

जांभई देऊ नकोस, दिसतेस मला.
आता मळमळ.
नॉशिया. बघू, दाखव वही.
तिसऱ्यांदा चुकलीस.
खोड, आणि परत लिही.